‘रहमत’ : इस्लाममधील पैगंबरी करुणेचा आदर्श

मुसलमान शेजाऱ्याच्या घरी गृहिणी चुलीवर पातेले ठेवते, विद्यार्थी उत्तरपत्रिका लिहायला घेतो, चालक गाडी सुरू करतो, तेव्हा त्यांच्या ओठी बहुधा एक लहानसे वाक्य येते. ‘बिस्मिल्लाह’ या नावाने ते सर्वांच्या परिचयाचे आहे. या वाक्यात परमेश्वराला ज्या दोन नावांनी हाक मारली जाते, ती दोन्ही दयेची नावे आहेत : रहमान आणि रहीम. परमेश्वराचे सामर्थ्य, त्याचा न्याय किंवा त्याचा कोप यांचा उल्लेख तेथे येत नाही. जगातील कोट्यवधी माणसे दिवसातून अनेक वेळा ज्या शब्दांनी आपल्या कामाचा आरंभ करतात, त्यांचा अर्थ त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणां ख्रिस्ती लोकांना मात्र क्वचितच ठाऊक असतो.

इस्लामविषयी आपल्या मनात जी चित्रे असतात, त्यांतील बरीचशी वृत्तपत्रांतील बातम्यांनी, राजकीय भाषणांनी आणि ऐकीव गोष्टींनी घडवलेली असतात. त्या चित्रांत भीतीला मोठी जागा असते आणि दयेला फार थोडी. दया आणि करुणा यांना इस्लाममध्ये नेमके कोणते स्थान आहे, पैगंबराच्या कार्याशी त्यांचा संबंध काय, आणि कॅथोलिक श्रद्धावंतांनी या आदर्शाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे मूळ

अरबी भाषेत दयेसाठी ‘रहमत’ हा शब्द आहे. मराठीत रहम, रहमान, रहीम ही रूपे आपण ऐकलेली असतात. या सर्वांचे मूळ ‘र-ह-म’ या तीन व्यंजनांत आहे आणि त्याच मुळापासून ‘गर्भाशय’ या अर्थाचा शब्द तयार झालेला आहे. त्यामुळे अरबी कानाला ‘रहमत’ या शब्दातून केवळ वरिष्ठाने कनिष्ठाला दाखवलेली सवलत ऐकू येत नाही. आई आपल्या उदरातील जीवाला जशी धरून ठेवते, पोसते, त्याची वेदना आपली मानते, तसा भाव त्या शब्दात असतो.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही हेच नाते आढळते. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत परमेश्वराच्या करुणेसाठी ‘रहमीम’ हा शब्द येतो आणि तोही गर्भाशयवाचक शब्दाशी जोडलेला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली परमेश्वराच्या दयेवर जे विश्वपत्र प्रसिद्ध केले, त्यात या हिब्रू शब्दाच्या मातृत्वसूचक अर्थाकडे त्यांनी मुद्दाम लक्ष वेधले होते. अरबी आणि हिब्रू या भगिनीभाषा असल्याने हे साम्य आश्चर्याचे नाही. परंतु अब्राहामाला आपला पूर्वज मानणाऱ्या परंपरा परमेश्वराविषयी बोलताना एकाच मातृप्रतिमेकडे वळल्या, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

मुसलमान विद्वानांनी रहमान आणि रहीम या दोन नावांत सूक्ष्म भेद केलेला आहे. पुष्कळांच्या मते ‘रहमान’ हे नाव सर्व सृष्टीला व्यापणाऱ्या, पात्रापात्रता न पाहणाऱ्या दयेचे आहे, तर ‘रहीम’ हे श्रद्धावंतांना मिळणाऱ्या विशेष कृपेचे आहे. ‘रहमान’ हे नाव केवळ परमेश्वरालाच लावले जाते. ‘रहीम’ हे विशेषण मात्र मनुष्यालाही लावता येते, आणि याचा पैगंबराशी असलेला संबंध पुढे येणारच आहे.

कुराणातील दयाघन परमेश्वर

कुराणाचे ११४ अध्याय आहेत. त्यांपैकी नववा अध्याय वगळता बाकीच्या ११३ अध्यायांचा आरंभ बिस्मिल्लाहने होतो. सत्ताविसाव्या अध्यायात शलमोन राजाने शबाच्या राणीला पाठवलेल्या पत्राचा मायना म्हणून ते वाक्य आणखी एकदा येते, आणि अशा रीतीने ११४ ही संख्या पूर्ण होते.

परमेश्वराने दया करणे हे स्वतःवरच बंधन म्हणून घालून घेतले आहे, असे सहाव्या अध्यायात दोन वेळा सांगितले आहे. सर्वशक्तिमान परमेश्वराला बाहेरून कोणी बांधू शकत नाही. परंतु त्याने स्वेच्छेने स्वतःला दयेशी बांधून घेतले आहे, असा याचा आशय आहे. त्याची दया सर्व वस्तूंना व्यापून आहे, असे सातव्या अध्यायात म्हटले आहे. परमेश्वराची दया त्याच्या कोपावर मात करते, या आशयाचे वचन हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती व कृती यांच्या संग्रहांत नोंदलेले आहे. त्याच संग्रहांतील आणखी एक शिकवण अशी की, परमेश्वराने दयेचे शंभर भाग केले, नव्याण्णव स्वतःजवळ ठेवले आणि केवळ एक पृथ्वीवर पाठवला. घोडी आपल्या शिंगराला इजा होऊ नये म्हणून खूर उचलते, ते त्या एका भागामुळेच.

जगासाठी दया

इस्लाममध्ये पैगंबर म्हणजे परमेश्वराचा संदेश माणसांपर्यंत पोहोचवणारा. हा संदेश केवळ शब्दांनी पोहोचत नाही, संदेशवाहकाच्या जीवनानेही पोहोचतो. म्हणूनच एकविसाव्या अध्यायातील एका वचनाला मुसलमानांच्या मनात फार मोठे स्थान आहे. हजरत महंमद पैगंबरांना सर्व जगांसाठी दया म्हणूनच पाठवले आहे, असा त्याचा भाव आहे. नवव्या अध्यायाच्या अखेरीस त्यांचे वर्णन करताना ‘रऊफ’ म्हणजे कनवाळू आणि ‘रहीम’ ही दोन विशेषणे येतात. दोन्ही विशेषणे कुराणात अन्यत्र परमेश्वरालाही लावलेली आहेत. तिसऱ्या अध्यायात असेही म्हटले आहे की, परमेश्वराच्या दयेमुळेच पैगंबर आपल्या अनुयायांशी मृदूपणे वागले. ते कठोर हृदयाचे असते, तर माणसे त्यांच्याभोवतीहून पांगली असती.

या करुणेचे धागे त्यांच्या बालपणापर्यंत जातात. त्यांचा जन्म इसवी सन ५७०च्या सुमारास मक्केत झाला. जन्मापूर्वीच पिता अब्दुल्ला यांचा मृत्यू झाला होता. साधारण सहाव्या वर्षी आई आमिनाही निवर्तली. आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांचे पालनपोषण केले. कुराणाच्या त्र्याण्णवाव्या अध्यायात याच अनाथपणाची आठवण त्यांना करून दिलेली आहे. परमेश्वराने तुला अनाथ असताना आसरा दिला, तेव्हा तू अनाथावर जुलूम करू नकोस आणि याचकाला झिडकारू नकोस, असा तेथील उपदेश आहे. स्वतः अनुभवलेली दया दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे, हे पैगंबरी करुणेचे पहिले सूत्र येथे दिसते.

ताइफची द्राक्षे

इसवी सन ६१९ हे वर्ष पैगंबरांच्या दृष्टीने दुःखाचे ठरले. पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब हे दोन्ही आधार हरपले. मक्केतील विरोध वाढल्यावर ते जवळच्या ताइफ या डोंगराळ नगरात गेले. परंतु तेथील प्रमुखांनी त्यांची हेटाळणी केली आणि गावगुंडांना त्यांच्या अंगावर सोडले. दगडांच्या माऱ्याने त्यांचे पाय रक्तबंबाळ झाले. नगराबाहेरच्या एका मळ्यात त्यांनी आश्रय घेतला.

मळ्याच्या मालकांनी आपल्या अद्दास नावाच्या गुलामाच्या हाती द्राक्षांचा घोस पाठवला. पैगंबरांनी बिस्मिल्लाह म्हणून घोसाला हात लावताच अद्दास चकित झाला, कारण हे शब्द त्या प्रदेशात कोणी उच्चारत नसे. विचारपूस करता तो निनवे येथील ख्रिस्ती असल्याचे समजले. तेव्हा पैगंबर म्हणाले की, निनवे हे तर सत्पुरुष योनाचे नगर. योना संदेष्टा होता आणि संदेष्टा म्हणून तो माझा बंधू आहे. हे ऐकून अद्दासने त्यांच्या मस्तकाचे व हातापायांचे चुंबन घेतले, असे प्रारंभीच्या चरित्रग्रंथांत म्हटले आहे.

बायबल वाचणाऱ्याला येथे योनाचे नाव निघावे, हे विशेष वाटेल. निनवे नगरावर परमेश्वराने दया केली म्हणून रागावलेला संदेष्टा म्हणजे योना. आपल्या शत्रूंचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा होती, आणि परमेश्वराने त्याला वाळलेल्या वेलीच्या दृष्टांताने करुणा शिकवली. ताइफनंतरचा असाच एक प्रसंग हदीस संग्रहांत आहे. पर्वतांचा अधिकारी असलेला देवदूत पैगंबरांसमोर आला आणि विरोधकांना दोन डोंगरांमध्ये चिरडून टाकण्याची तयारी त्याने दर्शवली. पैगंबरांनी ती नाकारली. या लोकांच्या वंशजांत तरी एका परमेश्वराची उपासना करणारे कोणी निपजेल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

मक्केतील क्षमा

दुसरा प्रसंग इसवी सन ६३० मधील आहे. ज्या मक्केने पैगंबरांना आणि त्यांच्या अनुयायांना छळले, घरादारातून घालवले, त्यांच्याशी लढाया केल्या, त्या नगरात ते मोठ्या सैन्यासह प्रवेशले. अरबस्तानातील त्या काळच्या रीतीनुसार सूड घेणे हा विजेत्याचा हक्क आणि कर्तव्यही मानले जात असे. परंपरेनुसार पैगंबरांनी जमलेल्या लोकांना विचारले की, मी तुमच्याशी कसे वागेन असे तुम्हांला वाटते? त्यांनी उदारपणाची अपेक्षा व्यक्त केली. तेव्हा योसेफने आपल्या अपराधी भावांना जे सांगितले होते, तेच पैगंबरांनी त्यांना सांगितले : आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही.

ही क्षमा सर्वांना सरसकट नव्हती. काही थोड्या व्यक्तींची नावे मृत्युदंडासाठी घोषित झाली होती. त्यांतील काहींना शिक्षा झाली आणि काहींना पुढे अभय मिळाले. परंतु ज्यांना क्षमा मिळाली, त्यांची नावे पाहिली म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. ६२५ सालच्या उहुदच्या लढाईत पैगंबरांचे चुलते हमजा यांना ठार मारणारा वहशी आणि त्यांच्या मृतदेहाची विटंबना करणारी हिंद ही दोघेही क्षमा मिळालेल्यांत होती.

योसेफाची कथा उत्पत्तीच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक आहे. कुराणाचा बारावा अध्याय संपूर्णपणे त्याच्याच कथेला वाहिलेला आहे. विहिरीत ढकललेला भाऊ सत्तास्थानी पोहोचतो आणि सूड घेण्याच्या क्षणी क्षमा करतो, हा आदर्श पैगंबरांनी मक्केत आपल्यासमोर ठेवला. इस्लाममध्ये करुणा ही एकाच व्यक्तीची विशेषता मानलेली नाही. अब्राहाम, योसेफ, येशू आणि महंमद या सर्वांच्या जीवनातून प्रकट होणारे ते संदेष्टेपणाचे लक्षण आहे.

हदीसमधील शिकवण

मुसलमान विद्वानांमध्ये एक सुंदर प्रथा आहे. हदीस शिकण्यासाठी विद्यार्थी गुरूजवळ आला की अनेक परंपरांत त्याला सर्वांत प्रथम दयेविषयीची हदीस ऐकवतात. जे दया करतात त्यांच्यावर दयाघन परमेश्वर दया करतो, आणि पृथ्वीवरील जीवांवर दया करणाऱ्यांना स्वर्गातून दया लाभते, असा तिचा आशय आहे. गुरूने आपल्या गुरूकडून प्रथम तीच ऐकलेली असते आणि त्यानेही आपल्या गुरूकडून. विद्येचा उंबरठा दयेचा असावा, हा त्यामागील भाव. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने दयाळू लोकांना जे धन्य म्हटले, त्याची येथे सहज आठवण होते.

हदीस संग्रहांतील काही प्रसंग मुसलमान घरांत मुलांना आवर्जून सांगितले जातात. पैगंबर आपला नातू हसन याचे चुंबन घेत असता अक्रा नावाचा एक टोळीप्रमुख म्हणाला की, मला दहा मुले आहेत, पण मी कधी एकाचेही चुंबन घेतले नाही. जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, असे उत्तर त्याला मिळाले. नमाज पढवताना तान्ह्या मुलाचे रडणे कानी आले, तर मातेच्या जीवाची घालमेल होऊ नये म्हणून ते प्रार्थना आटोपती घेत. एकदा एक प्रेतयात्रा जाताना ते उठून उभे राहिले. ती ज्यू माणसाची असल्याचे कोणी निदर्शनास आणले, तेव्हा त्यांनी विचारले की, तो जीव नव्हता काय?

दयेची ही कक्षा मुक्या प्राण्यांपर्यंत जाते. विहिरीकाठी तहानेने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला एका वेश्येने आपल्या पायताणाने पाणी काढून पाजले आणि तेवढ्यावरून परमेश्वराने तिला क्षमा केली, असा एक दृष्टांत आहे. मांजर कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याचाही दृष्टांत आहे. धार्मिक प्रतिष्ठा नसलेली पापी स्त्री दयेच्या एका कृतीने परमेश्वराजवळ पोहोचते, ही शिकवण शुभवर्तमान वाचणाऱ्यांना अनोळखी वाटणार नाही.

क्षमेची कठीण बाजू दाखवणारा एक प्रसंग पैगंबरांचे जिवलग सहकारी अबू बक्र यांच्या बाबतीत घडला. त्यांची कन्या आणि पैगंबरांची पत्नी आयेशा हिच्यावर खोटा आळ घेण्यात आला. तो पसरवणाऱ्यांत मिस्ताह नावाचा एक गरीब नातेवाईक होता आणि त्याचा उदरनिर्वाह अबू बक्र यांच्याच मदतीवर चालत होता. संतापून त्यांनी ती मदत बंद करण्याची शपथ घेतली. यावर कुराणाच्या चोविसाव्या अध्यायात उपदेश आला की, संपन्न लोकांनी अशी शपथ घेऊ नये, क्षमा करावी; परमेश्वराने आपल्याला क्षमा करावी असे तुम्हांला वाटत नाही काय? अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपणही आपल्या क्षमेची सांगड दुसऱ्याला दिलेल्या क्षमेशी रोज घालत असतो.

येशू : दयेची खूण

कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाला ‘मरियम’ असे नाव आहे. जखऱ्यावर परमेश्वराने केलेल्या दयेच्या उल्लेखाने त्याचा आरंभ होतो, आणि त्यात ‘रहमान’ हे नाव वारंवार येते. देवदूत मरियेला तिच्या होणाऱ्या पुत्राविषयी सांगतो, तेव्हा तो मानवांसाठी खूण आणि परमेश्वराकडून आलेली दया असेल, असे वर्णन येते. येशूच्या अनुयायांच्या अंतःकरणांत परमेश्वराने कनवाळूपणा आणि दया घातली, असे सत्तावन्नाव्या अध्यायात म्हटले आहे. मुसलमान व्यक्तीच्या दृष्टीने आपण ख्रिस्ती लोक मुळात दयाळू असायला हवेत, हे वाचून आपल्यालाच अंतर्मुख व्हावे लागते.

पाचव्या अध्यायाच्या अखेरीस येशू आपल्या लोकांसाठी परमेश्वरापुढे बोलतो. तू त्यांना शिक्षा केलीस तर ते तुझेच दास आहेत, आणि क्षमा केलीस तर तू समर्थ व सुज्ञ आहेस, असा त्या बोलण्याचा आशय आहे. महंमद पैगंबरांनी एकदा संपूर्ण रात्र हेच वचन पुन्हा पुन्हा म्हणत प्रार्थनेत घालवली, असे हदीसमध्ये नोंदलेले आहे.

दयेचा हा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. इसवी सन ६१५ मध्ये मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून अबिसीनियाला गेले. तेथील ख्रिस्ती राजा नजाशी याने त्यांची बाजू ऐकून घेतली. जाफर यांनी त्याच्यासमोर मरियमच्या अध्यायातील भाग म्हणून दाखवला तेव्हा राजाचे आणि त्याच्या बिशपांचे डोळे पाणावले, असे चरित्रग्रंथ सांगतात. मक्केच्या दूतांनी निर्वासितांना परत मागितले असता त्याने त्यांना सुपूर्द करण्याचे नाकारले. पुढे नजाशीच्या निधनाची वार्ता मदिनेत पोहोचली, तेव्हा पैगंबरांनी त्याच्यासाठी अंत्यप्रार्थना केली.

आचारात उतरलेली दया

इस्लामने करुणेला केवळ मनाच्या ओलाव्यावर सोडून दिले नाही, तिला नियमांची चौकट दिली. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने साधारणपणे तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून देणे बंधनकारक आहे. गरीब, निराधार, कर्जबाजारी, वाटसरू आणि गुलामगिरीतून सुटका हवी असलेले, हे जकातीच्या हक्कदारांत मोडतात. रमजानच्या शेवटी ईदच्या नमाजापूर्वी ‘फित्रा’ द्यावा लागतो. सणाच्या दिवशी कोणी गरीब उपाशी राहू नये, हा त्यामागील हेतू. धर्मार्थ ठेवलेल्या मालमत्तेच्या म्हणजे वक्फच्या उत्पन्नातून मध्ययुगात मोठी रुग्णालये चालत. दमास्कसमध्ये नुरुद्दीन याने ११५४ साली आणि कैरोमध्ये सुलतान कलावून याने १२८४ साली उभारलेली रुग्णालये प्रसिद्ध आहेत.

या परंपरेचा एक मानाचा दुवा आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहे. माहीमच्या दर्ग्यात चिरविश्रांती घेणारे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे संतपुरुष म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. ते थोर विद्वान होते, हे तितकेसे ठाऊक नाही. त्यांनी अरबी भाषेत लिहिलेल्या कुराणभाष्याच्या नावातच ‘रहमान’ हा शब्द आहे. त्यांनी प्रत्येक अध्यायाच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या अध्यायाच्या विषयाला अनुसरून वेगळा उलगडून दाखवला. वाक्य एकच, पण प्रत्येक ठिकाणी दयेचा नवा पैलू. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका लोकप्रिय आहे. लहानपणी आईने पाणी मागितले. ते घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली, म्हणून हा मुलगा हाती भांडे घेऊन रात्रभर तिच्या उशाशी उभा राहिला. बुधवारच्या नोव्हेनासाठी माहीमच्या संत मायकलच्या चर्चमध्ये जाणाऱ्या भाविकांना हा दर्गा दूरचा नाही.

कठीण प्रश्न

येथवरचे वाचून कोणी विचारील की, मग इस्लामच्या नावाने होणाऱ्या हिंसेचे काय? हा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुराणात युद्धाची आणि शिक्षेची वचनेही आहेत. पैगंबर हे धर्मोपदेशक असण्याबरोबरच मदिनेतील समाजाचे शासक व सेनानी होते. ६२७ साली बनू कुरैझा या ज्यू टोळीतील पुरुषांना मृत्युदंड देण्यात आल्याची हकीकत त्याच चरित्रग्रंथांत आहे आणि तिच्याविषयी आजही चर्चा चालते. कुराण अपराधाची समप्रमाणात भरपाई मागण्याचा हक्क मान्य करते आणि त्याच वेळी क्षमा करणे अधिक श्रेयस्कर मानते. वाइटाचा प्रतिकार अधिक चांगल्याने करावा, म्हणजे वैरीही जिवलग मित्रासारखा होईल, असे एक्केचाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे.

दयेच्या आदर्शाचे महत्त्व येथेच लक्षात येते. तो आदर्श मुसलमान समाजाच्या हाती स्वतःला तपासण्याची कसोटी देतो. इराक व सिरियामध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने घातलेल्या थैमानाच्या काळात, सप्टेंबर २०१४ मध्ये, जगभरातील शंभराहून अधिक मुसलमान विद्वानांनी त्या संघटनेच्या म्होरक्याला खुले पत्र लिहिले. त्यात त्याच्या कृत्यांचा धर्मशास्त्राच्या आधारे मुद्देसूद निषेध केला होता, आणि शेवटी दयेच्या धर्माकडे परत येण्याचे आवाहन होते. हा निषेध इस्लामच्या अंतःकरणातून आलेला होता.

आपणही नम्रतेने आपला इतिहास आठवावा. दयाळू पित्याचा संदेश देणाऱ्या प्रभूच्या नावाने क्रुसेडच्या योद्ध्यांनी १०९९ साली जेरुसलेममध्ये भीषण कत्तल केली होती. आदर्श आणि आचरण यांतील अंतर ही कोणा एका धर्माची मिरासदारी नाही.

साम्य आणि भेद

दोन्ही श्रद्धा परमेश्वराला दयाळू मानतात, म्हणून त्या एकच आहेत असे म्हणणे बरोबर नाही. इस्लामच्या शिकवणुकीनुसार परमेश्वराची दया त्याच्या ग्रंथातून, संदेष्ट्यांतून, सृष्टीतून आणि क्षमेतून मनुष्यापर्यंत पोहोचते. परंतु परमेश्वर स्वतः मनुष्य होत नाही. येशूच्या क्रूसावरील मरणाचाही कुराण इन्कार करते. पश्चात्तापी मनुष्याला परमेश्वर थेट क्षमा करतो, त्यासाठी कोणाच्या बलिदानाची आवश्यकता नाही, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. परमेश्वराच्या नव्याण्णव सुंदर नावांत ‘पिता’ हे नाव नाही.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार परमेश्वराच्या दयेने देह धारण केला. ती गाईच्या गोठ्यात जन्मली, कुष्ठरोग्याला स्पर्श करती झाली, क्रूसावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागती झाली. उधळ्या पुत्राला दुरून पाहून धावत जाणारा पिता हे आपल्या परमेश्वराचे चित्र आहे. हा भेद झाकून संवाद होत नाही. आपण ज्याला दयेचे पूर्ण प्रकटीकरण मानतो, त्याच्यावर दृढ श्रद्धा ठेवूनच शेजाऱ्याच्या अंगणातील दयेचा प्रकाश ओळखायचा असतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात नमूद केले की, मुसलमान आपल्याबरोबर एकमेव दयाळू परमेश्वराची आराधना करतात. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित झालेल्या ‘नोस्त्रा आएताते’ या दस्तऐवजात ख्रिस्तसभा मुसलमानांकडे आदराने पाहते असे सांगून भूतकाळातील वैर मागे टाकण्याचे आवाहन केले गेले. २०१५ साली दयेच्या विशेष ज्युबिली वर्षाची घोषणा करताना पोप फ्रान्सिस यांनी, मुसलमान परमेश्वराला दयाळू व कृपाळू म्हणून हाक मारतात, याचा आदराने उल्लेख केला. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे त्यांनी अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांच्यासह मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली. असिसीचे संत फ्रान्सिस पाचव्या क्रुसेडच्या धामधुमीत निःशस्त्रपणे इजिप्तच्या सुलतान अल-कामिलला भेटले, त्या १२१९ सालच्या घटनेचे हे आठशेवे वर्ष होते.

दस्तऐवजांपेक्षाही मोठी साक्ष अल्जीरियाच्या भूमीत दिली गेली. ख्रिस्तियान द शेर्जे हे १९५९ साली फ्रेंच सैन्यातील तरुण अधिकारी म्हणून तेथे होते. महंमद नावाच्या एका श्रद्धाळू मुसलमान गृहस्थाशी त्यांची मैत्री जमली. एका चकमकीत त्याने मध्ये पडून त्यांचा जीव वाचवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच हत्या झालेली आढळली. तो दहा मुलांचा बाप होता. त्या बलिदानाने ख्रिस्तियान यांचे जीवन बदलले. धर्मगुरू व ट्रॅपिस्ट मठवासी होऊन ते अल्जीरियाला परतले आणि तिबहिरीन येथील मठाचे प्रमुख झाले. यादवी युद्धाच्या काळात धोका वाढला, तरी मठवासीयांनी शेजारच्या गावकऱ्यांना सोडून जायचे नाही असे ठरवले. मार्च १९९६ मध्ये सात मठवासीयांचे अपहरण झाले आणि मे महिन्यात त्यांच्या हत्येची वार्ता आली. ख्रिस्तियान यांनी लिहून ठेवलेले मृत्युपत्र त्यानंतर उघडण्यात आले. आपल्या मृत्यूवरून इस्लामला किंवा अल्जीरियाच्या जनतेला दोष देऊ नये, अशी विनंती त्यात होती. आपल्या भावी मारेकऱ्याला त्यांनी मित्र म्हणून संबोधले होते आणि स्वर्गात त्याची भेट व्हावी अशी आशा व्यक्त केली होती. त्याच वर्षी १ ऑगस्टला ओरानचे बिशप पिएर क्लावेरी बॉम्बस्फोटात मारले गेले. त्यांच्यासोबत त्यांचा तरुण मुसलमान मित्र व चालक महंमद बुशिखी हाही मरण पावला. या सात मठवासीयांसह एकूण एकोणीस रक्तसाक्षींना ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान येथे धन्यवादित घोषित करण्यात आले.

आपल्या धर्मग्रामात

हे सारे वाचून आपल्या रोजच्या जीवनात काय करता येईल? शेजारच्या घरी ईदच्या दिवशी शुभेच्छा द्यायला जाणे, नाताळच्या फराळाचे ताट त्यांच्याकडे पाठवणे, आजारपणात चौकशी करणे, ही कृत्ये लहान असली तरी त्यांतूनच परिचय वाढतो. मुसलमानांविषयी कोणी तिरस्काराचा मजकूर पाठवला, तर तो पुढे न पाठवणे हीदेखील आजच्या काळातील दयेची कृती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना इस्लामविषयी शिकवताना केवळ मतभेदांची यादी देऊ नये. त्या धर्मात परमेश्वराला कोणत्या नावाने हाक मारली जाते, हेही सांगावे.

ताइफच्या मळ्यात जखमी पैगंबरांसमोर द्राक्षांचा घोस ठेवणारा हात एका ख्रिस्ती गुलामाचा होता. त्याच्याकडे सत्ता नव्हती, विद्वत्ता नव्हती. मालकाने दिलेली वस्तू त्याने केवळ आणून ठेवली आणि समोरच्या अनोळखी माणसाच्या ओठांवरचे नवे शब्द लक्ष देऊन ऐकले. संवाद सुरू होण्यास तेवढे पुरेसे झाले. पिता जसा दयाळू आहे तसे दयाळू व्हा, असे आपल्या प्रभूने शिष्यांना सांगितले आहे. शेजाऱ्याच्या ओठांवर त्या दयाळू परमेश्वराचे नाव आपण ऐकू लागलो, तर प्रभूची ही आज्ञा पाळणे आपल्यालाही थोडे सोपे जाईल.